६५ हजारांत गेमिंग पीसी, पुढे वाढवत नेता येईल असा: सल्ला हवा (पुणे)

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. नोकरी लागून आठ महिने झाले, स्वतःच्या पगारातून पहिला पीसी घेतोय. बजेट ६५ हजार, त्यावर एक रुपया नाही. मॉनिटर आहे, १०८०पी आणि १४४ हर्ट्झ. मित्रांबरोबर व्हॅलोरंट रोजचं, आणि सायबरपंक एकदा नीट खेळायचाय. सगळं आजच भारी नको, पण दर दिवाळीला एखादा पार्ट बदलता यावा.

तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानातलं कोटेशन: इंटेलचा आय५ १२४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ३०५० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबी एसएसडी, पाच आरजीबी (रंगीत दिव्यांच्या) फॅनची कॅबिनेट, तिच्यातच एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). घेऊन टाकू का?

पर्वतीपायथा
अजिबात नको. प्रोसेसर चांगला आहे, पण त्याचा सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) इंटेलच्या चौदाव्या पिढीला संपला. पुढच्या दिवाळीला बदलायचं म्हटलंस की बोर्डही जाणार. आणि ३०५० ६ जीबीवर सायबरपंक नीट खेळायचं म्हणजे सेटिंग सतत खाली ओढत बसणं.

कोथरूडची ताई
भावा, या कोटेशनमध्ये मला सर्वांत जास्त खटकलं ते शेवटचं: ‘तिच्यातच एसएमपीएस’. त्याची कंपनी कुठली, किती वॉट, काहीच लिहिलेलं नाही.

माझा पहिला पीसी असाच होता. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी गेलेली लाइट दुपारी आली, टेबलाखालून ‘टप्’ असा आवाज झाला आणि भाजल्यासारखा वास आला. एसएमपीएस जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. डिस्कवर कॉलेजच्या चार वर्षांचे फोटो होते, एकही परत मिळाला नाही. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी यादी एसएमपीएसपासून सुरू करते. ६५० वॉट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), पाच वर्षांची वॉरंटी. उद्या मोठं कार्ड आलं तरी हाच चालेल. आरजीबी फॅनचे पैसे इथे घाल.

मग बोर्ड. तुला वाढवत न्यायचंय ना, तर एएमडीचा एएम५ सॉकेट. २०१७ च्या बी३५० बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून लोकांनी २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवला, हे आधीच्या एएम४ सॉकेटवर झालेलं आहे. एएम५ आला २०२२ मध्ये, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालवू असं एएमडीनेच सांगितलंय. साधा बी६५०एम बोर्ड घे, दोन एम.२ स्लॉट (एसएसडी लावायच्या जागा) आहेत ना एवढं बघ. त्यावर रायझन ५ ७६००. ७५००एफ स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्स नाही. कार्ड वॉरंटीत गेलं की परत येईपर्यंत अख्खा पीसी बंद. दोघांत दीड-दोन हजारांचाच फरक असेल तर ७६०० घे. कूलर डब्यातच येतो, वेगळा घेऊ नकोस.

कार्ड: आरएक्स ७६०० ८ जीबी. १०८०पीला आज पुरतं.

हडपसरवाला
ताईंच्या एसएमपीएसच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन, बोर्डाबद्दल मात्र मत वेगळं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की एएम५ ला लागणारी डीडीआर५ रॅम घेतानाच बजेट फुटतं. घरात कुणाकडे जुनी डीडीआर४ पडून असेल तर एएम४ वर रायझन ५ ५६०० घे आणि वाचलेल्या पैशांत १२ जीबीचं कार्ड. माझ्याकडे तीन वर्षं ५६०० आहे, तक्रार नाही.

कोथरूडची ताई
@हडपसरवाला, जुनी रॅम मिळत असेल तर तुमचं बरोबर. पण सगळंच नवीन घ्यायचं असेल तर संपलेल्या सॉकेटवर पैसे घालायला माझं मन धजत नाही.

रॅमसाठी मार्ग असा: आत्ता डीडीआर५ ची १६ जीबीची एकच स्टिक घे, ८-८ च्या दोन नको. एका स्टिकने काही गेममध्ये फ्रेम कमी मिळतील, हे खरं. पण पुढे तसलीच दुसरी लावलीस की ३२ होते, काही फेकावं लागत नाही. एएम५ वर चारही स्लॉट भरले तर रॅमचा वेग बराच खाली येतो, म्हणून दोन स्टिकमध्येच भागवायचं. बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करायला विसरू नकोस.

जोडताना दोन गोष्टी. एएम५ पहिल्यांदा चालू केला की कधीकधी काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. रॅम ओळखायचं काम चाललेलं असतं, घाबरून बटण दाबू नको. आणि केबल कार्डाला लाव, बोर्डाला नाही. माझ्या मावसभावाने महिनाभर ‘गेम अडखळतो’ म्हणून तीन वेळा विंडोज टाकलं. मी घरी जाऊन मागे हात घातला तर एचडीएमआय वर बोर्डात, आणि खाली कार्डाच्या पोर्टांवर प्लास्टिकची टोपणं तशीच.

पर्वतीपायथा
व्हॅलोरंटसाठी एक: विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (बायोसमधल्या सुरक्षेच्या सेटिंग) चालू लागतं. ते खेळायच्या आदल्या रात्री नको, विंडोज टाकतानाच कर.

सिंहगडरोडकर
ताई, दादा, मनापासून आभार. काल त्याच दुकानात जाऊन कोटेशन बदलून घेतलं: ७६००, बी६५०एम, १६ ची एक स्टिक, आरएक्स ७६००, ६५० वॉट ब्राँझ, साधी जाळीची कॅबिनेट. बजेटच्या अडीच हजार वर जातंय. एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबी केली तर बसतं. करू का?

कोथरूडची ताई
कर. दुसरा एम.२ स्लॉट त्यासाठीच आहे. जीएसटीचं बिल तुझ्या नावाने घे आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घे, पैसे देण्याआधी.