जे खरंच घडलं तेच वाचावंसं वाटतं

पाऊलवाट:

गेल्या सहा वर्षांत मी एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली नाही. पूर्वी अधाशासारख्या वाचायचे. आता हातात असतात ती मेंदूवरची, नकाशांवरची, साथीच्या रोगांवरची पुस्तकं. परवा एक जुनी मैत्रीण म्हणाली, "म्हणजे तू वाचन सोडलंस." ते मनाला लागलं, म्हणून इथे मांडतेय.

सुरुवात बाबांच्या आजारपणात झाली. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "बरं." पाणी हवं तरी बरं, नको तरी बरं, आणि मी भलतंच काही समजले की चढत्या आवाजात बरं, बरं, बरं. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी मोठ्याने, शब्द तोडून तोडून, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं बोलायचा. मीही तशीच बोलायचे.

रात्री त्यांच्या उशाशी बसून मी मेंदूवरचं एक पुस्तक वाचत होते. त्यात मला लबोर्न भेटला. साल १८६१, पॅरिसचं बिसेत्र रुग्णालय. एकावन्न वर्षांचा रुग्ण, काहीही विचारलं की "टॅन, टॅन" एवढंच म्हणायचा, म्हणून सगळे त्याला टॅनच म्हणत. पायाला गँगरीन झालं तेव्हा त्याला पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे आणलं. ब्रोकाने विचारलं, इथे किती वर्षं आहेस? त्याने हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर अचूक होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर आपली परीक्षा चाललीय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो इतका चिडला की तोंडातून एक शिवी स्वच्छ बाहेर पडली. थोड्याच दिवसांत तो गेला. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा दिसली, आणि बोलणं याच भागातून चालतं असा निष्कर्ष ब्रोकाने काढला.

मी पुस्तक मिटलं आणि किती तरी वेळ बाबांकडे बघत राहिले. सकाळी त्यांच्यासमोर बसून नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाबा, माझ्या लग्नाला किती वर्षं झाली?" त्यांनी डावा पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग एक बोट. अकरा!

अडीच महिने ते आत जागे होते आणि आम्ही त्यांच्याशी बोबडं बोलत होतो.

कादंबरीत हा प्रसंग आला असता तर मी रडले असते, पण सकाळी उठून तो प्रश्न विचारला नसता. रचलेल्या माणसाचा पंजा लेखक म्हणेल तितक्या वेळा उघडतो. लबोर्नचा पंजा मात्र त्याचा त्याने उघडला होता. तेव्हापासून मला हेच वाचावंसं वाटतं. तुमचं काय?

रानभूल:

ताई, बाबांचं वाचून गलबलून आलं. तरी असहमती नोंदवते, कारण विषय माझ्या जिवाचा आहे.

तुमच्या लबोर्नचंच बघा ना. दीडशे वर्षं वैद्यकाच्या पुस्तकांत काय आहे त्याचं? मेंदू. तो पॅरिसमध्ये बरणीत जपून ठेवलाय. आणि नाव? टॅन. त्याची आई कोण, आजाराआधी तो हाताने काय काम करायचा, त्या रुग्णालयात एकवीस वर्षांत त्याला भेटायला कोणी आलं का? तुमच्या पुस्तकाला यातलं काही विचारावंसंही वाटलं नाही. त्याच्या लेखी तो 'केस' आहे. कादंबरीकाराने सुरुवातच तिथून केली असती. चार वेळा पंजा उघडताना त्या माणसाला आत काय वाटलं असेल, हे मला कळायला हवं. नुसतं एकवीस हे उत्तर बरोबर होतं, एवढ्याने माझं भागत नाही.

चिकणमाती:

पाऊलवाट, पूर्ण सहमत. माझ्याकडून एकच भर. असं पुस्तक हातात आलं की मी आधी मागची सूची उघडतो. कुठल्या नावापुढे किती पानं आहेत ते बघतो. मग तळटीपा. मुख्य मजकुरात लेखक ठामपणे बोलतो आणि तळटीपेत हळूच कबूल करतो की या तारखेबद्दल दोन कागद दोन गोष्टी सांगतात. तिथे मला लेखक भेटतो. कितीदा तरी एका तळटीपेचं बोट धरून दुसऱ्या पुस्तकात गेलोय, तिथून तिसऱ्यात, आणि पहिलं अर्धवटच राहिलंय. कादंबरीचं तसं नसतं, ती मिटली की तिचं जग तिच्यापाशीच थांबतं.

उत्तररात्र:

मी दोन्ही वाचतो, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायला आलेलो नाही. पण एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती म्हणजे माहिती शिळी होते. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं १९२३ पासून पुस्तकांत छापलं जात होतं. विद्यार्थी ते पाठ करत होते, शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही ४८ च मोजत होते. १९५६ साली त्यियो आणि लेव्हान या दोघांनी नीट मोजली तर ४६ भरली. तेहतीस वर्षं ज्यांनी ज्यांनी ते पुस्तक विश्वासाने वाचलं, त्यांनी खोटं वाचलं. खंड सरकतात हे वेगेनरने १९१२ मध्ये मांडलं, आणि बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ते मान्य करायला १९६० चं दशक उजाडलं. मधल्या काळातली भूगोलाची पुस्तकं आज कोण उघडतं? त्याच काळातल्या चांगल्या कादंबऱ्या मात्र आजही तेवढ्याच ओढीने वाचतात. 'जे खरंच घडलं' म्हणून ज्याच्यावर जीव लावायचा, तेच उद्या बदललं तर?

पाऊलवाट:

रानभूल, तुमचा प्रश्न मला इतका पटला की सहा वर्षांपूर्वी मीच त्याच्या मागे लागले होते. त्याची आई, त्याचं काम. आणि सापडलं! २०१३ साली एका पोलिश संशोधकाने जुन्या नोंदी धुंडाळून लबोर्नचं आयुष्य प्रसिद्ध केलं. पूर्ण नाव लुई व्हिक्टर लबोर्न, जन्म मोरे नावाच्या गावातला. लहानपणापासून फिट्स यायच्या. आणि काम? बूट ज्यावर बेततात ते लाकडी साचे तो घडवायचा. मी हे वाचलं आणि तो पंजा मला वेगळाच दिसायला लागला. लाकूड तासणारा पंजा होता तो. त्या गावात कातडी कमावण्याचा उद्योग होता, आणि त्यासाठी कुटलेल्या ओकच्या सालीला फ्रेंचमध्ये 'टॅन' म्हणतात. त्याच्यापाशी उरलेला तो एक शब्द बालपणीच्या गावातून आला असेल का, अशी शंका त्या संशोधकाने मांडलीय, आणि ती शंका म्हणूनच मांडलीय. माझ्या बाबतीत तरी, कुठलीही रचलेली गोष्ट यापेक्षा खोल जाऊ शकली नसती.

उत्तररात्र, ब्रोकाने तो मेंदू कापला नव्हता, अख्खा जपला. म्हणून २००७ मध्ये त्याचा एमआरआय काढता आला. इजा ब्रोकाला वरून दिसली त्यापेक्षा बरीच खोलवर गेलेली निघाली. म्हणजे १८६१ चा निष्कर्ष अपुरा होता. तुम्ही याला शिळं म्हणता. मला यातच आनंद आहे. जी चूक दुरुस्त होऊ शकते, तिच्या पलीकडे खरं काहीतरी उभं असतं. ४८ ची ४६ झाली कारण पेशीत खरंच ४६ होती, पुस्तक काहीही म्हणो.

शंकासूर:

धागाकर्तीच्या भावनेबद्दल आदर आहे. पण 'खरं' हा शब्द इथे फार सहज वापरला जातोय, म्हणून लिहितो.

आपल्या भाषेतलंच उदाहरण. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. १८५७ चं बंड डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं लेखन, झाशीच्या वेढ्यात ते स्वतः झाशीत अडकलेले. यापेक्षा 'खरंच घडलेलं' काय असू शकतं? पण भटजींनी ते प्रवासानंतर बऱ्याच वर्षांनी आठवून लिहिलं. ते गेल्यावर, १९०७ साली, चिं. वि. वैद्यांनी छापलं, तेही स्वतःचे संस्कार करून. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली १९६६ मध्ये. मधली जवळजवळ साठ वर्षं वाचक जे भटजींचं म्हणून वाचत होते, त्यात वैद्यही होते. कादंबरी निदान प्रामाणिकपणे सांगते की मी रचलेली आहे.

दुसरं, लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटचा पंप. १८५४ ची कॉलऱ्याची साथ, जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मृत्यूंची घरं शोधली, रोग त्या पंपाच्या पाण्यातून पसरतोय हे ताडलं, पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली. डझनभर पुस्तकांत ही गोष्ट अशीच सापडेल. प्रत्यक्षात दांडा निघाला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती. तेव्हा मुखपृष्ठावर 'सत्य' असं लिहिलेलं पुस्तक मी दुप्पट संशयाने उघडतो.

चिकणमाती:

शंकासूर, तुमची दोन्ही उदाहरणं बिनतोड आहेत. पण साथ आधीच ओसरत होती हे आपल्याला कळलं कुणाकडून? स्नोनेच पुढच्या वर्षी छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवलंय. लोक भीतीने घरं सोडून गेले, त्यामुळे आजारी पडणाऱ्यांची संख्या दांडा निघण्याआधीच घटली होती, तेव्हा पाण्यात तोवर विष उरलं होतं की नाही हे ठरवता येत नाही, असं तो म्हणतो. स्वतःचं यश स्वतःच कमी करून सांगणारा हा माणूस! दांड्याची सुबक गोष्ट नंतर सांगणाऱ्यांनी केली.

आणि त्याच ग्रंथात हॅम्पस्टेडची विधवा आहे. त्या भागापासून कित्येक मैल दूर राहायची, पण तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची म्हणून रोज बाटली भरून मागवायची. ती गेली. तिची भाचीही ते पाणी प्यायली आणि गेली. पंपाशेजारच्या दारूभट्टीतले कामगार मात्र भट्टीचीच बिअर प्यायचे, ते वाचले. स्नो प्रत्येक घरी जाऊन हे विचारत होता. मी ती पानं वाचताना श्वास रोखून धरला होता, आणि त्यात त्याने एकही वाक्य सजवलेलं नाही. गोडसे भटजींचंही तेच म्हणेन. पोतदारांना मूळ पोथी गाठून आवृत्ती काढावीशी वाटली, कारण तिच्यापर्यंत जाता येत होतं.

उंबरठा:

थोडं अवांतर. या साहित्याला आपण 'ललितेतर' म्हणतो ते मला वर्षानुवर्षं खटकतं. जे ललित नाही ते. म्हणजे कथा-कविता वाड्यात आणि बाकीचे ओसरीवर. शिवाय ललित निबंध, आत्मचरित्र, व्यक्तिचित्रण यांचं काय करायचं? निबंधकार ज्या पावसाबद्दल लिहितो तो खरा पाऊस असतो, आणि गद्य मात्र ललित. मराठीतलं मला सर्वांत आवडणारं लेखन नेमकं या कुंपणावर बसलेलं आहे. त्यामुळे या धाग्यातली दोन टोकं मला तितकी दूर वाटत नाहीत.

माळरान:

मला तरी या पुस्तकांचा कंटाळा आला, आणि कारण साधं आहे. यशाच्या सवयी, श्रीमंतीची सूत्रं असली पुस्तकं. दोन पानांत मावणारा मुद्दा अडीचशे पानांत ताणलेला. लोक हल्ली 'मी नॉनफिक्शन वाचतो' म्हणतात ते बहुतेक हेच.

पाऊलवाट:

माळरान, तसली मीही अर्ध्यात टाकते. लेखकाने किती वर्षं त्या विषयासोबत काढलीत ते पहिल्या वीस पानांत कळतं.

शंकासूर, संशय हवाच. मी बाबांना प्रश्न विचारला तोही पुस्तकावरचा आंधळा विश्वास नव्हता. लबोर्नचं खरं असेल, पण बाबांचं तसंच असेल कशावरून? म्हणून तर विचारून पाहिलं. नकारार्थी उत्तर आलं असतं तरी मी ते स्वीकारलं असतं.

सावलीत:

मी इथे फक्त वाचक आहे, कधी लिहीत नाही. माझ्या आईचं दीड महिन्यापूर्वी असंच झालंय. धागा दोनदा वाचला. ताई, तुम्ही पुढे काय काय केलंत?

पाऊलवाट:

सावलीत, सर्वांत आधी स्पीच थेरपिस्टना दाखवा, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. काहींना समजायलाही अडचण येते. आम्हाला उपयोगी पडलं ते सांगते. एका वेळी एकच प्रश्न, आणि मानेने हो-नाही सांगता येईल असा. विचारल्यावर थांबायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं, मध्ये शब्द सुचवायचे नाहीत. आवाज चढवायचा नाही, ऐकू व्यवस्थित येत असतं. बोलताना टीव्ही बंद. आणि एक दिवस सहज म्हणून त्यांच्यासोबत पाढे म्हणून बघा, किंवा त्यांचं आवडतं गाणं. लहानपणापासून तोंडात बसलेलं कधीकधी शाबूत राहतं. बाबांना 'पाणी' म्हणता येत नव्हतं, पण मी "बे एके बे" सुरू केलं आणि ते "बे दुणे चार" पासून थेट वीसपर्यंत न अडखळता गेले. स्वतःचा आवाज ऐकून ते इतके चकित झाले की पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

रानभूल:

ताई, साचे घडवणारा लबोर्न मला माहीत नव्हता. तेवढ्यापुरती माघार घेते. बाकी मत बदललेलं नाही. त्याचं गाव सापडलं, काम सापडलं. पण तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारल्यावर तो चिडला, तेव्हा त्याच्या मनात कुठलं वाक्य होतं? ते कुठल्याही दप्तरात नाही. कुणीतरी ते रचूनच लिहायला हवं, आणि ते मी वाचेन. तुमच्या बाबांना त्या अडीच महिन्यांत काय म्हणायचं होतं, ते विचारलंत कधी?

पाऊलवाट:

विचारलं. वर्षभराने, बरेच शब्द परत आल्यावर. ते बराच वेळ जुळवाजुळव करत राहिले आणि म्हणाले, "ओरडू... नका." आमचं मोठ्याने बोलणं. मी तारीख घालून वहीत लिहून ठेवलंय.