लाच न देण्याचा ठराव उद्योजकांनीच करायला नको का?

फौंड्रीवाला, कोल्हापूर
परवान्याच्या नूतनीकरणाला कागद पूर्ण असूनही पैसे मागितले. शेजारच्या तिघांनी देऊन टाकले, मी दिले नाहीत. माझी फाइल महिनाभर तिथेच पडून आहे. मागणाऱ्याचा राग आहेच, पण त्या तिघांचा जास्त आला. आपण देत राहतो म्हणून तर भाव ठरतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही थेट गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत शिक्षा. असोसिएशनने ठराव करावा: औद्योगिक वसाहतीत कोणीही लाच द्यायची नाही, आणि ज्याची फाइल अडेल त्याच्यासाठी पत्र असोसिएशनच्या लेटरहेडवर जाईल.

लेथवाली, भोसरी
दादा, नाही पटत. तुमची भट्टी महिनाभर चालू राहिली. माझ्याकडे ४ मशीन, ६ कामगार. दाखला १५ दिवस लांबला की ऑर्डर दुसरीकडे जाते आणि पगार माझ्या अंगावर येतात. मागणारा खुर्चीत, आणि गुन्हेगार मी? यंत्रणा सुधारणं सरकारचं काम आहे, ते आमच्या डोक्यावर का?

वकील, सातारा
ताई, जबरदस्तीने द्यावे लागले आणि ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर देणारा गुन्हेगार ठरत नाही. आधी कळवून सापळ्यासाठी दिले तरीही नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४. पण त्याच्याही आधी अर्जाची पोचपावती घ्या. लोक इथेच चुकतात. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवेला मुदत असते. ती टळली की अपील करता येतं, आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

लेथवाली, भोसरी
आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टेबलासमोर उभं राहायचं.

पॅटर्नमेकर, इचलकरंजी
मला वेगळंच बोलायचंय. मी फौंड्र्यांना पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, बनवून देतो. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. माझी बिलं १२० दिवस पडून असतात. अशा थकबाकीसाठीच्या सरकारी परिषदेकडे तक्रार केली की पुढचं काम बंद. ताईंना अधिकाऱ्याची जी भीती, तीच मला तुमच्यासारख्या कारखानदारांची आहे. कायदा पाळायची सुरुवात आपल्या खातेवहीतून का होत नाही?

फौंड्रीवाला, कोल्हापूर
लागलं, पण खरं आहे. आत्ताच लेजर पाहिलं. दोन पुरवठादारांचे ४५ दिवस उलटलेत. मला वरची कंपनी ९० दिवसांनी देते, पण कायद्यात ही सबब चालत नाही. दोघांचे पैसे सोमवारी सोडतो, व्याजाचं बोलून घेतो. ठरावात ४५ दिवसांचा मुद्दा पहिला घालू.

लेथवाली, भोसरी
तो घालाच. लाचेचं मला अजून पटलेलं नाही. पण लेटरहेडवर पत्र द्यायची पद्धत ठरली तर आमच्या असोसिएशनकडेही मागते. पहिली फाइल माझी. पोचपावती आहे, १२ तारखेची.