वेगळं दालन हवं की नको

'अल्पसंख्याक कलावंतांसाठी वेगळे महोत्सव भरवणं म्हणजे त्यांना कोपऱ्यात बसवणं' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. वेगळा कार्यक्रम कुठे होतोय आणि तो कोण ठरवतंय, यावर बरंच अवलंबून असतं. लंडनच्या हेवर्ड गॅलरीत १९८९ साली 'द अदर स्टोरी' नावाचं प्रदर्शन झालं. आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई वंशाचे २४ कलावंत, निवड करणारे रशीद अराईन स्वतः कलावंत, आणि जागा कुठलं समाजमंदिर नव्हे, तर शहरातली नावाजलेली गॅलरी. ही कल्पना अराईन यांनी १९७८मध्येच आर्ट्स कौन्सिलपुढे (कलांना सरकारी निधी देणारी तिथली संस्था) मांडली होती. होकार मिळेपर्यंत चपला झिजल्या असणार! आपल्या मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स गटातले चित्रकार एफ. एन. सूझा त्या प्रदर्शनात होते, शिल्पकार अनिश कपूर यांनी मात्र भाग घ्यायला नकार दिला. म्हणजे हा वाद खुद्द कलावंतांमध्येच जुना आहे. ज्यांचं नाव झालंय त्यांना वंशाचं लेबल नकोसं होतं हे समजू शकतं, पण बाकीच्यांना दुसरं दार कुठे होतं?

मला जास्त खटकतात ती अशा महोत्सवांची पत्रकं. शास्त्रीय गायक असेल तर नाव, गुरू, घराणं सगळं छापतात. इथे नुसतं 'पारंपरिक नृत्य, अमुक समाज'. कार्यक्रम आवडला तरी पुन्हा शोधायचं कोणाला? निदान कलावंताचं नाव आणि पुढचा कार्यक्रम कुठे आहे एवढं तरी छापा, त्याला वेगळा निधी लागत नाही.