मदत हवी आहे: पाहुण्यांना 'ऑगस्ट' म्हणू का?
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे आलंय, गुजराती पाहुणेही असतात म्हणून थोडं इंग्लिशमध्ये, आणि स्क्रिप्टमध्ये कुणीतरी 'ऑगस्ट गॅदरिंग' (august, म्हणजे आदर वाटावा असं, थोर) लिहून दिलंय. शब्द बरोबर आहे माहितीये, महिन्याचं नाव रोमन सम्राट ऑगस्टसवरून आणि हे विशेषणही त्याच लॅटिन मुळाचं, फक्त महिन्यात जोर 'ऑ'वर आणि इथे 'गस्ट'वर. पण जानेवारीत ऑगस्ट म्हटलं की मागच्या रांगेतले काका हसणारच!

खरी अडचण पुढेच आहे. 'स्टेटली' लक्ष्मी विलास पॅलेसला शोभतं नाहीतर डौलदार चालीला, 'डिग्निफाइड' म्हणजे वागण्याबोलण्यातला भारदस्तपणा. पण प्रमुख पाहुण्या ऐंशीच्या पुढच्या गायिका आहेत, साधी सुती साडी, अगदी हळू बोलणाऱ्या, तरी त्या आल्या की सगळे आपोआप उभे राहतात, त्यांना 'ऑगस्ट प्रेझेन्स' म्हटलं तर फारच दरबारी वाटेल का? की टोमणा वाटेल, कारण थट्टेतही वापरतात ना हा शब्द? 'ग्रेसफुल' नकोय, ते हल्ली सगळ्यांनाच म्हणतात. इंग्लिश शिकवणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, स्क्रिप्ट शुक्रवारी द्यायचीये.