प्रतिसाद: तळहात-तळपायांवरचे पुवाचे फोड

वर कुणी म्हटलंय की फोडांत पू दिसतो म्हणजे जंतुसंसर्गच, तेव्हा अँटिबायोटिक घ्यावं. पण 'पाल्मोप्लांटर पस्च्युलोसिस' या आजारात, म्हणजे तळहात-तळपायांवर पुवाचे फोड पुन्हा पुन्हा येतात त्या दुखण्यात, हे लागू पडत नाही. त्यातला पू निर्जंतुक असतो आणि स्पर्शाने तो कुणाला लागत नाही.

तळहात-तळपायांवर घामाच्या ग्रंथी दाटीने असतात. घामाची नलिका त्वचेच्या वरच्या थरातून जिथे बाहेर पडते, तिथेच दाह सुरू होतो असं मानलं जातं. आधी बारीक, पाण्यासारखे फोड. मग शरीराचीच प्रतिकारयंत्रणा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिकडे धाडते आणि पाणी पिवळं होतं. काही दिवसांत फोड सुकून तपकिरी डाग पडतात, सालं निघतात, भेगा पडतात. शेजारी नवे फोड तयारच! म्हणून एकाच तळव्यावर सगळ्या अवस्था एकदम दिसतात.

धूम्रपानाचा उल्लेख इथे कुणीच केला नाही, याचं नवल वाटलं. बहुतेक रुग्ण सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले असतात. टॉन्सिलचा जुनाट संसर्ग, थायरॉइडचे विकार यांच्याशीही संबंध आढळतो. आणि हो, बुरशी किंवा एक्झिमाही असाच दिसू शकतो, त्यामुळे फोटोवरून निदान नको.