पारिंतिन्स: उत्सवापलीकडचं गाव

ब्राझीलमधल्या पारिंतिन्सची ओळख बहुधा 'जूनअखेर बैलाचा उत्सव होतो ते गाव' एवढ्यावरच थांबते, म्हणून थोडी भर घालतो. अ‍ॅमेझॉन नदीतल्या तुपिनांबाराना बेटावरच्या या पालिकेची लोकसंख्या 2022 च्या जनगणनेत 96 हजारांच्या आसपास होती. राज्याची राजधानी असलेल्या मानौसहून रस्ता नाहीच; विमानाने जा, नाहीतर बोटीत आपला झुला टांगून रात्र काढा.

मला जवळचा वाटतो तो इथला ताग. 1930 च्या दशकात जपानी वसाहतकऱ्यांनी जवळच्या व्हिला अमाझोनियात भारतातून आणलेलं बी पेरलं. बहुतेक रोपं खुरटली. र्‍योता ओयामांच्या शेतात मात्र उंच वाढ झाली आणि तेच बी नदीकाठाने पसरलं. कापणी, कुजवणं, सोलणं सगळं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. कृत्रिम धागा आला आणि हा तागाचा धंदा बसला. त्या मजुरांची आठवण निघायलाच हवी.

उत्सवात दोन बैलांच्या गटांची स्पर्धा असते, आणि त्यातलीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: लाल गारांतिदो मैदानात असताना निळ्या काप्रिशोसोच्या प्रेक्षकांनी गप्प बसायचं, नाहीतर आपल्याच बैलाचे गुण जातात. निळ्या गटासाठी गावात एरवी लाल असणारी कोका-कोलाची जाहिरातही निळ्या रंगात दिसते!