मदत हवी आहे: 'फॅक्शनलेस'ला मराठीत काय म्हणू?

नववीतल्या 14 मुलांसोबत व्हेरॉनिका रॉथचं 'डायव्हर्जंट' (2011) वाचतेय, पुस्तक इंग्रजीत पण चर्चा सगळी मराठीत. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी, शिकागो पाच गटांत वाटलेलं असतं, सोळाव्या वर्षी सगळ्यांसमोर तळहात कापून आपल्याला हव्या त्या गटाच्या भांड्यात रक्त टाकायचं आणि मग घरच्यांपेक्षा गट मोठा. नायिका ट्रिसचं रक्त भांड्यातल्या निखाऱ्यांवर पडून चर्र होतं तिथे मुलांनी श्वास रोखला होता, इतकं ते त्यांना भिडलंय!

अडलंय ते 'फॅक्शनलेस'वर, म्हणजे ज्यांना कुठलाच गट नाही अशी माणसं. कावळ्यांचा थवा अंगावर येतो त्या प्रसंगापेक्षाही मला वाटतं खरी भीती याच शब्दात आहे, आपलं कोणीच नसण्याची. 'बेगट' म्हटलं तर मुलं हसली. 'गटाबाहेरचे' म्हटलं तर टीममध्ये सिलेक्शन न झाल्यासारखं वाटतं. 'वाळीत टाकलेले' म्हटल्यावर सगळे एकदम गप्प झाले आणि एकीने हळूच विचारलं, "म्हणजे जातपंचायत करते तसं?" वजन बरोबर आलं पण अर्थ सरकला, कारण पुस्तकात बरेच जण गटाच्या प्रशिक्षणात नापास झाल्यामुळे बाहेर पडलेले असतात, पंचांनी बहिष्कार घातला म्हणून नाही.

इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा नाहीये, तो मुलांना नुसता लेबल वाटतो. पुढचे भाग अजून वाचलेले नाहीत तर प्लीज कथा फोडू नका.

'वाळीत' ठेवून फरक समजावून सांगू की तेवढीच धास्ती असलेला, पण जातीकडे न नेणारा एखादा शब्द तुमच्याकडे बोलण्यात आहे?